आजीचे लाल गोल

ब्रनो, गुरुवार, ३ एप्रिल

आई,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी मेलेलं नाही. दीड वर्ष तुला एक अक्षर पाठवलं नाही, तुझा नंबर फोनमध्ये अडवून ठेवलाय, आणि आता एकदम कागद-पेन. म्हणजे तुला वाटणार, पोरगी एक तर पोटुशी आहे नाही तर तुरुंगात. दोन्ही नाही. उद्या दुपारी मी व्हिएन्नाला चाललेय, एवढंच कळवायचं होतं. तुझ्यासाठी नाही, फिरायला.

क्लाराला बसची स्वस्त तिकिटं मिळाली. क्लारा म्हणजे माझी खोलीतली मैत्रीण. डोरोटा तिसरी, ती भूगोल शिकते आणि रस्ता चुकते. राहायला स्टेशनमागचं वसतिगृह आहे, एका खोलीत आठ खाटा, चादरीचे पैसे वेगळे म्हणून चादरी आम्ही घरूनच नेतोय. रविवारी चारच्या बसने परत यायचं, कारण सोमवारी सकाळी आठला माझी रसायनशास्त्राची चाचणी आहे. ती चुकली तर या सत्रात तो विषय बुडालाच.

खाण्याचा प्रश्न मी मिटवलाय. होस्टेलच्या स्वयंपाकघरात उभी राहून पावाचा चुरा लावून मांसाचे काप तळले, आजी तळायची तसे, डुकराच्या चरबीत. सगळ्या मजल्यावर वास सुटला. क्लारा नाक धरून म्हणाली, "अगं, काप तर व्हिएन्नाचेच प्रसिद्ध, आणि तिकडेच घेऊन जायचे? ज्यांच्या अंगणात विहीर, त्यांच्याकडे घागर भरून?"

"त्यांच्या विहिरीचं पाणी तुला परवडतं का?" मी म्हटलं.

"नाही."

"मग घागर उचल."

दोन जास्त झालेत. कोणासाठी असे नाही, झाले आपले.

तुझ्या दारात येणार नाहीये मी. पत्ता आहे, तुझ्या पार्सलांवर असायचा तो. या पंधरवड्यात तू जिला सांभाळतेस त्या म्हातारीकडे आहेस की तुझी सुटी चालू आहे, तेही मला ठाऊक नाही. म्हणजे तसं ठाऊक आहे. आजीचं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर माझ्याकडे आहे, तिच्या वस्तूंतलं तेवढंच मी उचललं. तू व्हिएन्नाला गेलीस की ती चौदा दिवसांवर लाल गोल करायची, आलीस की चौदा दिवस मोकळे. गोल, मोकळे, गोल, मोकळे, बारा वर्षं. पुढे मोजत न्यायला काय अक्कल लागते? माझ्या मोजण्याप्रमाणे तू तिथे आहेस. क्लारा म्हणते की तारीख मीच धरून बसले होते. माणसं काय वाटेल ते म्हणतात.

आणखी एक. आजीच्या मातीनंतरच्या जेवणात, सूप वाढलेलं असताना, सगळ्या गावादेखत मी तुला जे बोलले, ते मागे घ्यायला मी येत नाहीये. "परक्या म्हाताऱ्यांची कूस बदलायला तुला वेळ आहे, स्वतःच्या आईच्या तोंडात पाणी घालायला नाही." ते मला अजून खरंच वाटतं. शनिवारी संध्याकाळी मी तुला फोन केला. रविवारी पहाटे पाचला आजी गेली. तू उगवलीस रविवारी रात्री. यात न कळण्यासारखं काय आहे?

अशी दोन रात्रींची सहल मी याआधी एकदाच केली होती. तिच्याबद्दल नको.

मिरका


व्हिएन्ना, शनिवार, ५ एप्रिल, संध्याकाळ

आई,

पहिलं पत्र अजून कोटाच्या खिशातच आहे. तुझ्या दाराच्या फटीत टाकून पळायचा बेत होता. तो फसला.

आधी सहलीचं सांगते, म्हणजे मला दम खायला मिळेल. काल बसमध्येच निम्मे काप संपले. रात्री ऑपेराला गेलो, उभ्याच्या जागेवर, सर्वात वर, जिथून गाणाऱ्या बाईचं फक्त डोकं दिसतं. डोरोटाच्या टाचेला फोड आला म्हणून ती कठड्यावर कलून झोपली. आज सकाळपासून नुसते चालतोय. राजवाडे बाहेरून, संग्रहालयं बाहेरून, कॉफीची दुकानंसुद्धा बाहेरून. काचेतून केक बघत क्लारा म्हणाली, "आपण शहर बघायला आलोय की शहराला पहारा द्यायला?" मी हसले. हसताना माझं लक्ष मात्र ट्रामच्या पाट्यांकडे होतं.

दोन वाजता मी म्हटलं की माझं डोकं दुखतंय, मी खाटेवर जाऊन पडते. आणि तुझ्या ट्राममध्ये बसले.

जिना चढताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. "इकडून चालले होते" असं म्हणायचं आणि काप हातात द्यायचे. मग तू काय करशील ते बघायचं. घंटा वाजवली. दार उघडलं ते एका जाड बाईने, हाताला बटाट्याच्या साली चिकटलेल्या. माझ्याकडे बघितलं आणि जर्मन वगैरे काही नाही, सरळ आपल्या भाषेत म्हणाली, "अगंबाई! मिरका!"

बोझेना मावशी. तुझी जोडीदारीण. तू निघालीस की ती येते, ती निघाली की तू. बारा वर्षं तिचं नाव ऐकलं आणि तिला बघितलं आज.

"आई कुठाय?" मी विचारलं.

"कुठं म्हणजे? गावी. गुरुवारी येईल. तू इथं कशी?"

मी मूर्खासारखी कॅलेंडरचं सांगायला लागले. लाल गोल, चौदा आणि चौदा. ती ऐकत राहिली, मग हात पुसत म्हणाली, "पोरी, तुझी फेरी उलटी लागलीय. तुमच्या आजीला पोचवून तुझी आई इथं आली, आणि त्याच सुमाराला माझं पित्ताशय काढलं. माझ्या पंधरवड्यालाही तीच राहिली, सलग चार आठवडे. तेव्हापासून तिचे दिवस ते माझे झाले, माझे ते तिचे. तुला सांगितलं नाही का तिनं?"

कसं सांगणार होतीस? नंबर अडवलेला.

म्हणजे दीड वर्ष मी पलंगाखालचं कॅलेंडर काढून मनात म्हणायचे, आता आई तिकडे आहे, आता घरी आली, आणि तू नेमकी त्याच्या उलट्या ठिकाणी असायचीस. आजी असती तर तिने गोल खोडून नवे काढले असते. मी तिच्यामागे तेवढंही नीट केलं नाही.

आत बोलावून मावशीने चहा दिला. मी विचारलं, "सुटीत ती गावी करते काय? घरात तर कोणी नाही."

"खिडक्या उघडते. तुझी गादी उन्हात टाकते. दर खेपेला टाकते बघ. मी म्हणते, 'हेलेना, त्या गादीवर झोपतंय कोण?' तर म्हणते, 'गादी आहे, तिला ऊन लागतं.'"

मी चहात बघत बसले. मला राग आला होता, आणि कोणावर ते समजत नव्हतं.

निघताना मावशी अडखळत म्हणाली, "उद्या दोन तास बसशील का गं या म्हातारीजवळ? तीन रविवार झाले, चर्च नाही. शेजारीण बसायची, ती मुलीकडे गेलीय. साडेदहाला जाईन, साडेबाराला दारात हजर." तुझ्या लेखनर बाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं. ज्या म्हातारीपायी आजीला शेवटी तू दिसली नाहीस, तिच्या उशाशी मी बसू?

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. दोन काप मावशीला दिले.

मिरका


व्हिएन्ना, रविवार, ६ एप्रिल, दुपारी तीन

आई,

तुझ्या स्वयंपाकघरातून लिहितेय. ज्या टेबलाशी तू जेवतेस तेच हे असणार. खिडकीकडची खुर्ची तुझी, हे मी न विचारता ओळखलं, पाठीवर आजीने विणलेली शाल आहे.

मावशी अजून आली नाही. फोन करावा तर तिचा फोन इथेच, ब्रेडच्या डब्याशेजारी, तारेला लावलेला. शहरात आज मॅरेथॉन आहे, हे आम्हा तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. मावशीलाही नसावं. रस्ते बंद, ट्राम बंद. खिडकीतून टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू येतायत. सगळं शहर पळतंय आणि मला जिना उतरता येत नाहीये.

लेखनर बाई बाराला जाग्या झाल्या. मला वाटलं होतं, मोठी ठसकेबाज बाई असेल. ही तर मूठभर आहे. मला बघून घाबरतील म्हणून मी शाळेतल्या जर्मनमध्ये नाव सांगितलं. "मिरका," मी म्हटलं. त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "परीक्षा झाली?"

आई, तू या बाईला माझ्या परीक्षा सांगतेस?

सूप घ्यायला त्या तयार होईनात. तोंड घट्ट मिटून भिंतीकडे. मावशीने बजावून ठेवलं होतं, उपाशी ठेवलं की चक्कर येते. मी विनवलं, दटावलं, काही चालेना. शेवटी माझ्या तोंडून आपसूक आजीचं निघालं, आपल्या भाषेत, ती मला भरवायची तसं: "एक घास आजीचा." त्यांनी तोंड उघडलं. "एक घास आईचा." पुन्हा उघडलं. मी तिसरा चमचा भरला आणि मला पुढचं म्हणवेना. तर त्याच म्हणाल्या, वाकड्या उच्चारात, आपल्याच भाषेत: "एक घास मिरकाचा." आणि गिळून टाकला.

मी भांडं घेऊन इथे आले आणि नळ सोडून रडले.

एक वाजला, दोन वाजले. अडीचला क्लाराचा फोन. "कुठे मेलीस? आम्ही वसतिगृह सोडलं. तुझी पिशवी माझ्याकडे आहे."

"मला निघता येत नाही. म्हातारी एकटी आहे."

"झोपलीय ना?"

"झोपलीय."

"मग ये की! बाहेरून कुलूप घाल. एक-दोन तासांत काय होतंय?"

"एकटी असली की उठायला जाते आणि पडते. मागे कंबर मोडलीय."

मागून डोरोटा ओरडली, "मिरका, उद्या आठला चाचणी आहे! ती काय तुझी आजी आहे का?"

मी फोन ठेवला. मग काय केलं ते सांगते. मी बूट घातले, कोट घातला, दार उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिले. एक पाय जिन्यावर. आत त्या घोरत होत्या. मी स्वतःला म्हटलं, आत्ता निघालीस तर बस मिळते, मावशी दहा मिनिटांत येईलच. दहा मिनिटं उभी राहिले, मग आणखी दहा. दर वेळी खाली फाटक वाजलं की वाकून बघायची. जिन्यातला दिवा आपोआप विझायचा आणि मी पुन्हा लावायची. आणि एका वेळी दिवा लावताना माझ्या ध्यानात आलं की याच जागी, असाच कोट घालून, तू उभी राहिली असणार. मी फोन केल्यापासून रविवार दुपारपर्यंत. म्हातारीला कुलूप घालून येतेस की आईचा शेवटचा श्वास चुकवतेस, असं तिथे उभं राहून ठरवायचं होतं तुला.

मी दार लावलं. बूट काढले. बस चारची आहे, ती आता गेलीच म्हणायची.

आता जे लिहायचं आहे ते लिहिल्याशिवाय या खुर्चीवर बसण्याचा मला हक्क नाही.

हॉस्पिटलने मला शनिवारी कळवलं नव्हतं. गुरुवारी कळवलं होतं. आजीने तिथे माझा नंबर दिलेला. नर्स म्हणाली, "काही खरं नाही, आईला बोलावून घ्या." तेव्हा मी बसच्या रांगेत उभी होते. ब्रनोला येऊन मला तीन आठवडे झाले होते, क्लाराने पहिल्यांदाच मला कुठे बरोबर घेतलं होतं, प्रागला, दोन रात्री. मला वाटलं, आजी दर हिवाळ्यात मरते आणि दर वसंतात बटाटे लावते. तुला सांगितलं तर तू मला ताबडतोब गावी पाठवशील, आणि मला जायचं होतं प्रागला. फोन खिशात टाकला आणि बसमध्ये चढले. पुलावर फोटो काढले. शनिवारी संध्याकाळी नर्सचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी तुला लावला, आणि "आत्ताच कळलं" म्हणाले. अभ्यासात होते म्हणाले.

गुरुवारी सांगितलं असतं तर मावशी तुझ्या जागी शुक्रवारी आली असती. तुला आजी सापडली असती.

माझं पाप मी तुझ्या पदरात टाकलं, तेही भरल्या पानावर, माणसांसमोर. आणि मग तुझा नंबर अडवला, का, तर कधीतरी तू विचारशील या भीतीने.

तुला हे माहीत नाही. हे वाचून तू ती गादी जाळलीस तरी मी काही म्हणणार नाही.

फाटक वाजलं. बघते.


सोमवार, ७ एप्रिल, गाडीत, ब्रातिस्लाव्हा सुटल्यावर

आई,

काल मावशी पावणेसहाला आली. धापा टाकत, चप्पल हातात. अर्ध्या शहराला वळसा घालून, जिथे दोर लावलेत तिथून परत फिरत, पायी आली होती. "माझी गं बाई! तुझी बस?"

"गेली."

"आणि परीक्षा?"

"तीही गेली, मावशी."

ती मटकन खुर्चीत बसली, रडायलाच लागली. "तुझ्या आईच्या वेळी पण हेच. मी रात्रभर गाड्या बदलत आले, तरी दुपार झाली. दारात उभी होती पिशवी घेऊन. मला बघितलं आणि शिवी नाही की काही नाही, म्हणाली, 'सूप गरम आहे.' तोवर आजी गेलीय हे तिला कळलं होतं."

मग मी मावशीला प्राग सांगितलं. तुझ्याआधी तिला, कारण तिच्यासमोर भीती कमी वाटली. वाटलं, उठून थोबाडीत देईल. ती टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करत राहिली.

"हे तुझ्या आईला माहीत आहे," ती म्हणाली.

मला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"त्याच रविवारी, मी यायच्या आधी, तिनं हॉस्पिटलात फोन लावला होता. नर्स म्हणाली, आम्ही गुरुवारीच नातीला सांगितलंय. मी आल्यावर तिनं मला सांगितलं. वर म्हणाली, 'बोझेना, हे तुझ्या तोंडून कधी बाहेर पडलं तर मी तुझं तोंड बघणार नाही. पोर आहे. जन्मभर उरावर घेऊन बसेल.'"

आई, म्हणजे त्या जेवणात तुला ठाऊक होतं. मी उभी राहून बोटं नाचवत बोलत होते, सगळं गाव तुझ्याकडे बघत होतं, आणि तुला गुरुवार ठाऊक होता. एक शब्द बोलली असतीस तर मीच तिथे जमिनीत गेले असते. तू चमचा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "सूप निवतंय, मिरका, खाऊन घे." मला वाटलं होतं, हिला काळीज नाही.

रात्री मी तुझ्या खाटेवर झोपले. लेखनर बाईंनी दोनदा हाक मारली, तुला. दोन्ही वेळा मी उठले.

सकाळी मावशी म्हणाली, "ही पत्रं मी हेलेनाला गुरुवारी देते, दारात आमची दहा मिनिटं भेट होते तेव्हा." मी दिली नाहीत. ब्रनोची गाडी डावीकडच्या फलाटावर होती, ब्रातिस्लाव्हाची, म्हणजे घराकडची, उजवीकडे. तू गुरुवारपर्यंत गावी आहेस. या वेळी मी बोटांवर मोजलं नाही, मावशीला तीनदा विचारलं.

आठ वाजून गेले. माझ्या नावापुढे तिकडे फुली पडली असेल. सीमेच्या आपल्या बाजूला विद्यार्थ्यांना गाडी फुकट आहे, याची तिकीट तपासनिसाने मला आत्ता आठवण करून दिली. ओळखपत्र बघून म्हणाला, "बऱ्याच दिवसांनी निघालीस वाटतं घरी, पोरी?" दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत आले की घरी जायला पैसे नाहीत.

मला खूप भीती वाटतेय. तू माफ करणार नाहीस याची नाही. तू पुन्हा काहीच बोलणार नाहीस, सूप वाढशील आणि म्हणशील, खाऊन घे, याची. तसं करू नकोस, आई. ओरड माझ्यावर. एकदा तरी ओरड.

पत्रं चार झाली, टाकलं एकही नाही. तुझ्या हातात देईन, नंतर. हुमेन्नेला उतरून गावची बस, मग चर्चवरून चढण, मग आपलं फाटक. अंगणात गादी उन्हात टाकलेली असेल तर ती मी उचलून आत घेईन. आणि तू दार उघडलंस की कोट काढायच्या आत, तू जेवलीस का विचारायच्या आत, मी सांगेन: आई, मी प्रागला होते.

मिरका